मुंबई १० मायक्रॉनला चमकते: तापमानावरून तरंगलांबी कशी काढायची

मुंबईचं वर्षभराचं सरासरी तापमान २७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. त्यात २७३ मिळवले की झाले ३००. आता ३००० ला ३०० ने भागा. उत्तर १०. या शहरातली भिंत, रस्ता, लोकलचा डबा, तारेवर बसलेला कावळा, सगळेच रात्रंदिवस प्रकाश टाकत असतात आणि त्या प्रकाशाचा जोर १० मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वांत जास्त असतो. आपल्या डोळ्यांची धाव ०.७५ मायक्रॉनपाशी संपते, म्हणून ही रोषणाई दिसत नाही. पण दिवसभर उन्हात तापलेल्या पश्चिमेच्या भिंतीजवळून संध्याकाळी गेलात, तर हात न लावताही गालाला धग जाणवते ना? ती हीच.

अकरावी-बारावीत वीनचा विस्थापन नियम, म्हणजे तापमानावरून ही तरंगलांबी सांगणारं सूत्र, बहुतेकांनी पाठ केलेला असतो. दोन गुणांचं एक गणित सोडवायचं आणि पुढचा धडा. ते सूत्र घराबाहेर काढून कुठल्या वस्तूवर कधी रोखलंच जात नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. हा लेख वाचून झाल्यावर तव्याकडे, इस्त्रीकडे, ताऱ्याकडे बघताना तुमच्या मनात आपोआप भागाकार सुरू व्हावा, एवढंच मला हवंय. विज्ञान शाखा घेतलेली नसली तरी अडणार नाही. लागणारं सामान: फोनमधला कॅल्क्युलेटर, टॉर्चचा जुना तारेचा बल्ब, दोन सेल आणि एक टाकाऊ सीडी.

आधी अंश बदला

सेल्सिअसचा शून्य पाणी गोठण्यावर बेतलेला आहे, आपल्या सोयीचा. प्रारणाचा, म्हणजे वस्तू टाकत असलेल्या या प्रकाशाचा, हिशेब मात्र अशा शून्यापासून करावा लागतो जिथे वस्तूतून काढून घ्यायला उष्णताच उरत नाही. तो उणे २७३.१५ अंशांवर आहे. म्हणून सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवायचे आणि त्याला केल्विन म्हणायचं. पुढचे .१५ आपल्या कामापुरते सोडून द्या.

नवखा माणूस घसरतो तो इथेच. १०० अंशांचं पाणी ५० अंशांच्या पाण्याच्या ‘दुप्पट गरम’ असं मनात बसलेलं असतं, त्यामुळे तरंगलांबीही निम्मी होईल असं वाटतं. केल्विनमध्ये लिहा: ३७३ आणि ३२३. फरक दुपटीचा नाहीच. तरंगलांबी ९ मायक्रॉनवरून ७.८ वर येते, बस्स.

मग भागा

शिखर तरंगलांबी (जिथे प्रकाशाचा जोर सर्वांत जास्त) मायक्रॉनमध्ये = २८९८ ÷ केल्विनमधलं तापमान

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. तोंडी हिशेबाला २८९८ ऐवजी ३००० धरले तरी चालतं, चूक साडेतीन टक्क्यांचीच होते. मी वर तेच केलं.

विल्हेल्म वीन यांनी १८९३ मध्ये हा नियम मांडला, तेव्हा प्रारणाच्या आलेखाचं पूर्ण सूत्र कोणालाच माहीत नव्हतं. तापमान वाढलं की आलेख कसा सरकायला हवा, एवढं त्यांनी उष्मागतिकीतून काढलं. पूर्ण सूत्र १९०० मध्ये माक्स प्लांक यांनी दिलं आणि त्यातूनच पुढे पुंजवादाचा (क्वांटम सिद्धांताचा) जन्म झाला. वीन यांना १९११ चं नोबेल मिळालं.

आता हात बसवूया. वितळणारा बर्फ २७३ केल्विन, भागाकार १०.६. आपली त्वचा साधारण ३३ अंश, म्हणजे ३०६ केल्विन, उत्तर ९.५. उकळत्या पाण्याचं भांडं ३७३, उत्तर ७.८. २०० अंशांवरची इस्त्री ४७३, उत्तर ६.१. पोळीचा तवा २२० अंशांवर गेला तर ५.९. बघा, बर्फापासून तव्यापर्यंत जवळजवळ अख्खं घर ६ ते ११ मायक्रॉनच्या चिंचोळ्या पट्टीत बसलं. आता उडी घ्या. तारेच्या बल्बमधली टंगस्टनची तार सुमारे २८०० केल्विन, उत्तर १.०३. सूर्याचा पृष्ठभाग ५७७२ केल्विन, उत्तर ०.५०.

ही सहा-सात उत्तरं स्वतः काढून वहीत लिहा. नुसती वाचून पुढे जाऊ नका, सवय हाताला लागावी लागते.

उत्तराची जागा शोधा

आकडा आला, आता तो कुठे पडतो ते बघायचं. ०.४ ते ०.७५ मायक्रॉन हा आपल्याला दिसणारा प्रकाश, जांभळ्यापासून लालपर्यंत. ०.४ च्या खाली अतिनील. ०.७५ च्या वर अवरक्त, ते थेट १००० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे एका मिलिमीटरपर्यंत. त्यापुढे सूक्ष्मलहरी आणि रेडिओलहरी.

शिखर म्हणजे सगळा प्रकाश नव्हे, ही गोष्ट मात्र पक्की डोक्यात बसवा. सह्याद्रीतल्या कड्याचं चित्र डोळ्यांसमोर आणा. कोकणाच्या बाजूने सरळसोट तुटलेला, देशाच्या बाजूने हळूहळू उतरत गेलेला. प्रारणाचा आलेख तसाच असतो: आखूड तरंगलांबीच्या बाजूला उभा कडा, लांब तरंगलांबीच्या बाजूला ऐसपैस उतार. आदर्श वस्तूसाठी, म्हणजे पडेल तो सगळा प्रकाश शोषणाऱ्या पूर्ण काळ्या वस्तूसाठी, हिशेब नेमका आहे. शिखराच्या कड्याकडच्या बाजूला एकूण ऊर्जेचा २५ टक्के भाग, उताराकडे ७५ टक्के. बर्फ असो वा सूर्य, वाटणी हीच.

यातून बल्बचं दुखणं लगेच कळतं. तारेचं शिखर १.०३ मायक्रॉनला, म्हणजे आपल्या नजरेबाहेर. कड्याकडचा २५ टक्के भागही सगळा दिसणारा नाही, कारण ०.७५ ते १.०३ मधला पट्टा अवरक्तच आहे. उरलेल्या थोडक्या प्रकाशात आपल्या आज्यांनी रात्री तांदूळ निवडले आणि बाकीची वीज उष्णतेत गेली.

पुस्तकं चाळताना आणखी एक ठेच लागू शकते. काही ठिकाणी आलेख तरंगलांबीऐवजी वारंवारितेवर (सेकंदाला किती लहरी) काढलेला असतो. तिथे सूर्याचं शिखर ०.५० ऐवजी ०.८८ मायक्रॉनच्या जागी दिसतं. दोन्ही बरोबर आहेत. मोजपट्टी बदलली की ‘दर एककाला किती ऊर्जा’ हेही बदलतं आणि शिखर हलतं. आपला २८९८ फक्त तरंगलांबीच्या आलेखाचा, एवढं ध्यानात ठेवा.

कणसाच्या गाडीपाशी

हे सगळं मला खऱ्या अर्थाने उमगलं ते दादर चौपाटीजवळ, पावसाची सर ओसरल्यावर, कणीस भाजणाऱ्या एका मावशींच्या गाडीपाशी. शेगडीतले निखारे मंद लाल होते. मावशींनी पुठ्ठा उचलला आणि भराभर वारा घालायला लागल्या. निखारे लालाचे नारिंगी झाले, मग मधोमध पिवळट. तेव्हा कुठे त्यांनी कणीस वर ठेवलं.

मी विचारलं, “मावशी, लाल निखाऱ्यावर नाही का भाजत?”

“नुसत्या लालवर कणीस सुकतं बाळा,” त्या म्हणाल्या. “पिवळट झाला पाहिजे, मग दाणा फुटतो.”

त्यांच्या हातात थर्मामीटर नव्हता. रंगावरून तापमान ओळखण्याची ही विद्या लोहार, सोनार, कुंभार पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. धारावीच्या कुंभारवाड्यात भट्टी लावणाऱ्याला ती लागतेच. इंग्लंडमधल्या एका कुंभार घराण्यातल्या थॉमस वेजवूड यांनी १७९२ मध्ये नोंदवून ठेवलं की वेगवेगळे पदार्थ तापवले तरी ते लाल व्हायला लागतात ते एकाच तापमानाला. १८४७ मध्ये जॉन ड्रेपर यांनी तो टप्पा मोजला: सुमारे ५२५ अंश सेल्सिअस. अंधारात ठेवलेली जवळपास कुठलीही घन वस्तू या तापमानाला अंधुक लाल दिसू लागते. लोखंड असो, दगड असो, कोळसा असो.

आता मावशींच्या निखाऱ्याचा हिशेब करू. मंद लाल निखारा ८०० अंशांचा धरा, म्हणजे १०७३ केल्विन; शिखर २.७ मायक्रॉन. वारा घातल्यावर १००० अंश, १२७३ केल्विन; शिखर २.३ मायक्रॉन. दोन्ही शिखरं दिसणाऱ्या प्रकाशाच्या कितीतरी पलीकडे! मग रंग बदलला कसा?

उत्तर कड्यात आहे. आपल्या डोळ्याला निखाऱ्याच्या आलेखाचा अगदी टोकाचा, कड्याच्या पायथ्याचा भागच दिसतो. शिखर जरासं डावीकडे सरकलं की हा पायथा झपाट्याने वर येतो, आणि आखूड तरंगलांबीला तर फारच झपाट्याने. प्लांकच्या सूत्राने हिशेब केला तर या २०० अंशांच्या फरकाने ०.७ मायक्रॉनचा लाल प्रकाश सुमारे २० पट वाढतो, ०.६ चा नारिंगी ३३ पट आणि ०.५ चा हिरवा ६८ पट. लालमध्ये नारिंगी, पिवळा आणि थोडा हिरवा मिसळत गेला म्हणून निखारा पिवळट दिसला. एकूण ऊर्जा मात्र फक्त दुप्पट झाली. ती केल्विन तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. १२७३ ला १०७३ ने भागून चार वेळा गुणून बघा.

कणसाला ती दुप्पट ऊर्जा कळते आणि डोळ्याला ती ३३ पट. मावशी डोळ्याच्या बाजूने मोजत होत्या, म्हणून त्यांचा अंदाज इतका नेमका. लाल-नारिंगीच्या टापूत रंग हा फार हळवा थर्मामीटर आहे.

घरी करून बघा: एक सेल, दोन सेल

दोन सेलच्या टॉर्चचा जुना तारेचा बल्ब मिळवा. एलईडी चालणार नाही. लॅमिंग्टन रोडला किंवा जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारलंत तर अजून मिळतो. घरातल्या २३० व्होल्टच्या बल्बवर असले खेळ करू नका, सेल पुरेसे आहेत.

खोलीत अंधार करा. बल्ब आधी एका सेलवर लावा. समोर सीडी चकचकीत बाजू वर करून तिरकी धरा आणि बल्बचं प्रतिबिंब जिथे दिसतं त्याच्या बाजूला पसरलेली रंगांची पट्टी शोधा. सीडीवरच्या रेघांमधलं अंतर १.६ मायक्रॉन असतं, त्यामुळे ती प्रकाशाचे रंग वेगळे करते. एका सेलवर लाल आणि नारिंगी ठसठशीत दिसतील, हिरवा फिका, निळा जेमतेम. आता दोन सेल जोडा. तीच पट्टी निळ्या टोकाकडून भरत जाईल. लाल कुठे गेलेला नसतो, तोही वाढलेला असतो. तापमान वाढलं की प्रत्येक तरंगलांबीचा प्रकाश वाढतो, एकही कमी होत नाही. फक्त आखूडवाल्यांची वाढ जास्त असते, म्हणून शिखर सरकतं. ‘शिखर सरकलं म्हणजे लाल कमी झाला’ असं समजणारी मुलं मी खूप पाहिली आहेत. दहा मिनिटं ही पट्टी बघितली की तो समज जातो.

फोनने फोटो काढून तुलना करायला जाऊ नका. कॅमेरा पिवळा उजेड स्वतःहून पांढरा करायला बघतो आणि तुमचा प्रयोग पुसून टाकतो. काढायचाच असेल तर व्हाइट बॅलन्स एका जागी कायम करून घ्या.

मल्टीमीटर असेल तर तापमानही निघेल. बल्ब बंद असताना तारेचा रोध मोजा. मग पेटलेल्या बल्बवरचा व्होल्टेज भागिले प्रवाह, हा तापलेल्या तारेचा रोध. टंगस्टनचा रोध तापमानापेक्षा किंचित जास्त वेगाने वाढतो. रोध १० पट झाला तर केल्विन तापमान सुमारे ६.८ पट झालेलं असतं. खोली ३०० केल्विनची, म्हणजे तार २००० च्या थोडी वर. शिखर १.४ मायक्रॉन. काचेच्या आतल्या त्या केसाएवढ्या तारेला स्पर्श न करता तुम्ही तिचं तापमान काढलंत, हे आठवीतल्या मुलाला दाखवलं की त्याचे डोळे बघण्यासारखे होतात.

बंदूक रोखताना

२०२० नंतर सोसायटीच्या गेटवर, दुकानांच्या दारात कपाळावर रोखलेला थर्मामीटर सगळ्यांनी पाहिला. त्यातून किरण निघून मेंदूला इजा होते अशी अफवा तेव्हा पसरली होती. खरं तर तो मोजण्यासाठी काहीच सोडत नाही, फक्त घेतो. कारखान्यात वापरतात त्या प्रकारात लाल ठिपका असतो, तो नुसता नेम धरायला. आत जे भिंग असतं (साध्या काचेचं नव्हे) ते साधारण ८ ते १४ मायक्रॉनचा प्रकाश आत घेतं. का हाच पट्टा, ते आता तुम्हीच सांगाल: ३०६ केल्विन, ९.५ मायक्रॉन. शिवाय या पट्ट्याच्या बऱ्याच भागात हवा पारदर्शक असते.

पण हे यंत्र आंधळेपणाने वापरलं तर फसवतं. एकदा नवीन स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळत होतं आणि मी बाहेरून बंदूक रोखली. आकडा चाळिशीतला आला. यंत्र बिघडलं म्हणून मी परत करायला निघालो होतो. मग पातेल्यावर वायरिंगची काळी चिकटपट्टी दोन बोटं लावली आणि तिच्यावर रोखलं: नव्वदीच्या घरात. यंत्र ठीक होतं. चकचकीत धातू स्वतःचा प्रकाश फार कमी टाकतो आणि आजूबाजूचा परतवतो. मी मोजत होतो ते बहुतांशी माझ्याच स्वयंपाकघराचं प्रतिबिंब.

एखादा पृष्ठभाग आदर्श वस्तूच्या तुलनेत किती प्रकाश टाकतो या प्रमाणाला उत्सर्जकता म्हणतात. चिकटपट्टी, रंग, लाकूड, कापड, पाणी, माती यांची ०.९ च्या आसपास किंवा वर असते. घासलेल्या धातूची ०.१ किंवा त्याहूनही कमी. माणसाच्या त्वचेची ०.९८. आणि ती गोऱ्या-सावळ्या सगळ्या त्वचेची तेवढीच, कारण आपण रंग म्हणतो तो ०.४ ते ०.७५ मधला, ९.५ मायक्रॉनला सगळी माणसं जवळजवळ पूर्ण काळी असतात. हे मला फार आवडतं.

एक नियम कायमचा ठेवा: चकचकीत वस्तूवर मोजायचं तर आधी चिकटपट्टी लावा, ती वस्तूइतकी तापू द्या, मग मोजा. काचेतून मोजू नका. खिडकीची काच आपल्याला आरपार दिसते, पण १० मायक्रॉनला ती भिंत असते आणि आकडा काचेचाच येतो.

पत्र्याचं छप्पर

मुंबईत हा हिशेब सर्वांत उपयोगी कुठे पडत असेल तर पत्र्याच्या छपराखाली. मे महिन्यात दुपारी पत्रा ६० अंशांवर गेला असं धरा: ३३३ केल्विन, ८.७ मायक्रॉन. त्याच्यावर पडणारं ऊन मात्र ५७७२ केल्विनच्या सूर्याचं, शिखर ०.५ मायक्रॉन. येणारा प्रकाश आणि जाणारा प्रकाश यांच्या तरंगलांबीत सतरा पटींहून जास्त अंतर आहे. म्हणजे एकच पृष्ठभाग एका पट्ट्यात पांढरा आणि दुसऱ्या पट्ट्यात काळा असू शकतो!

पांढरा रंग नेमका तसाच वागतो. ०.५ मायक्रॉनचं बरंचसं ऊन तो परतवतो आणि ९ मायक्रॉनच्या आसपास जवळजवळ काळ्या वस्तूसारखी उष्णता बाहेर टाकतो. चकचकीत उघडा धातूही ऊन परतवतो, पण जी थोडी उष्णता शोषतो ती टाकायला त्याला जमत नाही, पातेल्यासारखीच. म्हणून उन्हात चकाकणारा कोरा पत्रा हाताला चटका देतो. छपरावर काय लावावं असं कोणी विचारलं तर माझं उत्तर ठाम असतं: पांढरा रंग, आणि दर पावसाळ्यानंतर तो धुऊन घ्यायचा, कारण काजळी बसली की पहिला गुण जातो.

रात्री छप्पर आपली उष्णता आकाशाकडे टाकतं, पण इथली दमट हवा त्या वाटेवर अर्धवट पडदा धरून असते. बाष्प अवरक्त शोषतं आणि काही भाग परत खाली पाठवतं. देशावरच्या कोरड्या हिवाळी रात्री भराभर गार होतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

जिथे हा भागाकार लावायचा नाही

गॅसच्या निळ्या ज्योतीवर लावू नका. निळा ०.४५ मायक्रॉन धरून भागाल तर तापमान ६४०० केल्विन येईल, सूर्यापेक्षा गरम! तो निळा रंग जळताना तयार होणाऱ्या कार्बन-हायड्रोजनच्या रेणूंचा खास रंग आहे, तापमानाचा नव्हे. समईची पिवळी ज्योत मात्र चालते, कारण तिच्यात काजळीचे बारीक कण तापून चमकत असतात. सुमारे १८०० केल्विन, शिखर १.६ मायक्रॉन. गॅसची ज्योत पिवळी पडली तर काजळी तयार होतेय असं समजा आणि बर्नर साफ करा.

एलईडीवरही लावू नका. लोहार चाळीत दिवे घ्यायला गेलात तर खोक्यावर २७०० के, ४००० के, ६५०० के असं छापलेलं असतं. हा ‘के’ केल्विनच आहे. पण दिव्यातला काहीही भाग ६५०० केल्विनला नसतो, असता तर दिवाच उरला नसता. तेवढ्या तापलेल्या आदर्श वस्तूचा प्रकाश जसा दिसेल तसा याचा दिसतो, एवढाच त्याचा अर्थ. आत निळी चिप आणि तिच्यावर पिवळा लेप असतो. दुकानदार २७०० ला ‘वॉर्म’ आणि ६५०० ला ‘कूल’ म्हणतात, ते डोळ्याला वाटणाऱ्या भावनेवरून; तापमानाचा क्रम बरोबर उलटा आहे. टीव्हीचा रिमोटही अवरक्तच सोडतो, पण तोही एलईडी, म्हणून हिशेबाबाहेर.

थोडक्यात पारख अशी: वस्तू तापलीय म्हणून चमकतेय का? हो असेल तर भागा.

दूरच्या वस्तू

पावसाळ्यात बातम्यांमध्ये उपग्रहाची रात्रीची ढगांची चित्रं दाखवतात. रात्री ऊन नसताना ढग दिसतात कसे? २०१३ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-३डी सारख्या उपग्रहांवर १० ते १२ मायक्रॉनच्या आसपास बघणारे डोळे आहेत. समुद्र ३०० केल्विनचा, तो या पट्ट्यात जोरात चमकतो. उंच ढगाचा माथा उणे ६० अंशांवर, म्हणजे २१३ केल्विन, शिखर १३.६ आणि प्रकाश कितीतरी मंद. चित्रात गारठा पांढरा रंगवतात, म्हणून कोकणपट्टीवर पांढराशुभ्र पुंजका दिसला की तिथे ढग खूप उंच चढलाय असं समजायचं.

कुठल्याही वस्तूकडे कोणत्या डोळ्याने बघायचं, ते तिच्या तापमानावरून ठरतं. बघणाऱ्याचं स्वतःचं तापमानही तेवढंच महत्त्वाचं. अवकाशातली जेम्स वेब दुर्बीण २८ मायक्रॉनपर्यंत बघते. ती आपल्या खोलीइतकी उबदार असती तर तिचा स्वतःचाच १० मायक्रॉनचा उजेड तिच्या डोळ्यात गेला असता. म्हणून तिचा आरसा ५० केल्विनच्या आसपास थंड ठेवला आहे; ५८ मायक्रॉन, तिच्या कामाच्या पट्ट्याबाहेर. आणि सर्वांत थंड टोकाला अख्ख्या विश्वात पसरलेलं पार्श्वभूमीचं प्रारण: २.७२५ केल्विन. भागा. १०६३ मायक्रॉन, मिलिमीटरहून जरा जास्त.

शेवटचा अभ्यास गच्चीवर करायचा. फेब्रुवारीच्या मध्याला रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून वर बघा. मृग नक्षत्र डोक्याच्या थोडं दक्षिणेला असतं; मध्ये ओळीत तीन तारे आणि भोवती चौकोन. मुंबईच्या उजेडातही ते दिसतं. चौकोनाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला तांबूस तारा काक्षी, खालच्या उजव्या कोपऱ्यातला निळसर पांढरा राजन्य. एकावरून दुसऱ्यावर नजर चार-पाच वेळा फिरवा, मग रंगांतला फरक ठळक होईल. तारे क्षितिजाजवळ असताना ही तुलना करू नका, तिथे हवाच सगळ्यांना तांबूस करते.

काक्षी सुमारे ३५०० केल्विन: शिखर ०.८३ मायक्रॉन, अवरक्त. राजन्य सुमारे १२,००० केल्विन: शिखर ०.२४ मायक्रॉन, अतिनील. दोन्ही शिखरं तुम्हाला दिसत नाहीत. काक्षीच्या बाबतीत तुम्ही कड्याच्या बाजूला उभे आहात, राजन्यच्या बाबतीत उताराच्या बाजूला. एकाचा प्रकाश लालकडे चढत जातो, दुसऱ्याचा निळ्याकडे. मधल्या ०.५० ला शिखर असलेला सूर्य हिरवा न दिसता पांढरा दिसतो तोही यामुळेच, कारण शिखराच्या आजूबाजूला सगळेच रंग भरपूर असतात. हिरवा तारा आकाशात शोधायला जाऊ नका. त्यापेक्षा मृगाच्या वरच्या अंगाला, थोडा पश्चिमेकडे, रोहिणी शोधा, तिचा नारिंगी रंग नीट बघून घ्या, काक्षीशी ताडून तापमानाचा अंदाज वहीत लिहा आणि मगच खरा आकडा शोधा.